चाळीस अंशांचे कन्नड, बत्तीस अंशांचे सिंगापूर आणि कुत्र्याचे नाक

मे महिन्याच्या दुपारी कन्नडच्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. गावातली कुत्री कुठे सापडतील? रांजणाखालच्या ओल्या मातीत, मोरीच्या कडेला, उभ्या ट्रॅक्टरच्या सावलीत. एखाद्याने लिंबाच्या झाडाखाली पायांनी खड्डा उकरून त्यात पोट टेकवलेले असेल. बहुतेकांची जीभ बाहेर असेल. ऊन उतरले की हीच कुत्री उठून पुन्हा गावभर हिंडू लागतात.

आता एक प्रश्न पाहू. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काही जण घरातला कुत्राही सोबत नेतात. समजा, कन्नडमधील एखादे कुटुंब सिंगापूरला निघाले आहे. घरातली माणसे हिशोब करतात: "आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. सिंगापूरला वर्षभर एकतीस-बत्तीसच्या आसपास. कुत्र्याला तिथे उलट आरामच पडेल." हा हिशोब बरोबर आहे का?

थर्मामीटरपुरता तो बरोबर आहे. कुत्र्यापुरता मात्र नाही. तो का नाही हे समजून घेताना आपल्याला बाष्पीभवन, अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता या पाठ्यपुस्तकातल्या गोष्टी लागणार आहेत. मुले या व्याख्या पाठ करतात. त्यांच्यावर एका जिवंत प्राण्याचे जगणे अवलंबून असते, हे त्यांना दाखवण्याची ही एक चांगली संधी आहे.

उष्णता बाहेर जाण्याची वाट

जिवंत शरीरात उष्णता सतत तयार होत असते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२° से. असते, म्हणजे आपल्यापेक्षा दीड-दोन अंश जास्त. ते कायम ठेवायचे तर जितकी उष्णता तयार झाली तितकी बाहेर गेली पाहिजे. हवा शरीरापेक्षा थंड असेल, तर बरीचशी उष्णता कातडीवरून आपोआप निघून जाते. पण हवाच चाळीस अंशांवर गेली की उष्णतेचा प्रवाह उलटा होतो. हवा आणि ऊन शरीराला तापवू लागतात. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन.

शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. हाच अप्रकट उष्मा. माठातले पाणी त्यामुळेच गार होते आणि घाम वाळताना आपल्याला त्यामुळेच गार वाटते.

माणसाच्या सगळ्या अंगाला घाम येतो. त्यामुळे आपली सगळी कातडी म्हणजे एक मोठा माठच असतो. कुत्र्याचे तसे नाही. त्याला उपयोगी पडेल असा घाम फक्त पंजांच्या गादीला येतो आणि तेवढ्याने शरीर थंड होत नाही. त्याचे बाष्पीभवन मुख्यतः नाकात, तोंडात आणि जिभेवर होते. त्यासाठी तो धापा टाकतो.

धापणे म्हणजे दमणे नव्हे

स्वस्थ पडलेला कुत्रा मिनिटाला १५ ते ३० वेळा श्वास घेतो. धापू लागला की हा आकडा तीनशेच्या वर जातो. यावर मुले दोन चांगल्या शंका काढू शकतील.

पहिली शंका: इतक्या भराभर श्वास घ्यायचा म्हणजे छातीचे स्नायू राबणार. त्यांच्या कामाने आणखी उष्णता तयार होणार नाही का? याचे उत्तर झोक्याजवळ आहे. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलले तर थोड्या जोरातही तो उंच जातो. लय सोडून ढकलले तर खूप जोर लागतो. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे यांनाही अशी एक स्वाभाविक लय असते. १९६२ साली क्रॉफर्ड या संशोधकाने मोजून दाखवले, की कुत्रा जवळजवळ नेमका याच लयीत, सेकंदाला सुमारे पाच वेळा, धापतो. त्यामुळे कमी कष्टात पुष्कळ हवा हलते.

दुसरी शंका: इतक्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड भलताच कमी होणार नाही का? धापतानाचा प्रत्येक श्वास उथळ असतो. हवा नाक, तोंड आणि श्वासनलिका यांतूनच मागेपुढे होते. फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत तिचा थोडाच भाग पोहोचतो. म्हणजे हे भाताच्या वाफेवर पंखा फिरवल्यासारखे आहे. उष्मा फार वाढला, कुत्रा अगदी टेकीला आला, की मात्र श्वास खोल होऊ लागतात आणि रक्तातले संतुलन खरेच बिघडते.

खरी करामत नाकात आहे. लांब नाकाच्या कुत्र्याच्या नाकपुड्यांमागे पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. त्यांच्यावर ओलसर, रक्ताने भरलेले अस्तर असते. एवढ्याशा जागेत त्यामुळे फार मोठा ओला पृष्ठभाग मावतो. १९७० साली श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धापणाऱ्या कुत्र्यांचा श्वास तपासला. हवा मुख्यतः नाकावाटे आत येते आणि तोंडावाटे बाहेर जाते, असे त्यांना आढळले. नाकावाटेच परत गेली असती, तर तिथल्या थंड झालेल्या अस्तरावर वाफेचे पुन्हा पाणी झाले असते आणि उष्णता शरीरातच राहिली असती. तोंडावाटे गेल्याने ती खरोखर बाहेर पडते. नाकावाटे किती आणि तोंडावाटे किती हवा सोडायची, हे कुत्रा गरजेप्रमाणे बदलतो. नाकाच्या बाजूला असलेली एक ग्रंथी उष्मा वाढेल तसे जास्त पाणी पाझरून हे अस्तर ओले ठेवते, हे १९७२ साली दिसून आले.

उन्हाळी कूलरमध्ये काय असते? वाळ्याची ओली ताटी, तिच्यावर पडणारे पाणी आणि हवा ओढणारा पंखा. कुत्र्याच्या नाकातले अस्तर ही ताटी, ग्रंथी हा पाण्याचा पाइप आणि छाती हा पंखा. कुत्रा म्हणजे चालता-फिरता कूलरच आहे. आणि कूलरबद्दल एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मे महिन्यात तो कन्नडला छान चालतो, मुंबईला मात्र त्याचा उपयोग होत नाही.

वहीतला हिशोब

ही उदाहरणे फळ्यावर सोडवून घेता येतील. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचा रोख स्पष्ट आहे.

कन्नडची दुपार: तापमान ४०° से., सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरू. ४० अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प मावते. त्याचे २० टक्के म्हणजे सुमारे १० ग्रॅम.

सिंगापूरची दुपार: तापमान ३२° से., सापेक्ष आर्द्रता ७० टक्के धरू. ३२ अंशांना घनमीटरमध्ये ३४ ग्रॅम बाष्प मावते. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे २४ ग्रॅम.

कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा ३८ अंशांना बाष्पाने पूर्ण भरलेली आहे असे मानू. तिच्यात घनमीटरला ४६ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा कन्नडला ३६ ग्रॅम पाणी घेऊन बाहेर पडते आणि सिंगापूरला फक्त २२ ग्रॅम.

आता वीस किलो वजनाचा कुत्रा घेऊ. स्वस्थ बसला असताना तो ताशी सुमारे २८ किलोकॅलरी उष्णता तयार करतो. ही सगळी बाष्पीभवनाने घालवायची झाली तर ताशी ४८ ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागेल. त्यासाठी कन्नडला मिनिटाला सुमारे २२ लिटर हवा नाका-तोंडातून फिरवावी लागेल आणि सिंगापूरला सुमारे ३६ लिटर. हाच कुत्रा धावू लागला आणि उष्णता दहापट झाली, तर दोन्ही आकडे दहापट करा. ताशी जवळजवळ अर्धा लिटर पाणी लागेल आणि सिंगापूरला मिनिटाला साडेतीनशे लिटरहून अधिक हवा फिरवावी लागेल.

या हिशोबात एक बाजू सुटली आहे, तीही मांडली पाहिजे. सिंगापूरची ३२ अंशांची हवा कुत्र्याच्या शरीरापेक्षा थंड असते, म्हणून थोडी उष्णता कातडीवरूनही जाते. कन्नडची ४० अंशांची हवा उलट थोडी उष्णता देते. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या, तर सावलीतल्या कुत्र्याच्या दृष्टीने या दोन जागा जवळजवळ सारख्याच अवघड ठरतात. थर्मामीटरवर दिसणारा आठ अंशांचा फरक आर्द्रता खाऊन टाकते.

पण अवघडपणाची जात वेगळी आहे. कन्नडच्या कोरड्या उष्म्यात कूलर उत्तम चालतो, फक्त त्यात पाणी हवे. तिथले खरे शत्रू म्हणजे तहान, ऊन आणि तापलेली जमीन. सिंगापूरच्या दमट उष्म्यात पाणी कितीही पाजले तरी कूलरच मंद चालतो. तिथला खरा शत्रू म्हणजे धावपळ. शिवाय कन्नडचा कडक उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा असतो आणि रात्री हवा निवते. विषुववृत्ताला लागून असलेल्या सिंगापूरला हिवाळा नाही आणि रात्रीसुद्धा हवेतले बाष्प फारसे कमी होत नाही.

लंडनमधली टोपली

कोरड्या हवेत बाष्पीभवनाची ताकद केवढी असते, हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १७७५ साली चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते आणि त्यांचे मित्र अतिशय तापवलेल्या कोरड्या खोलीत स्वतः जाऊन राहिले. एका प्रयोगात सुमारे साडेचौदा किलो वजनाची एक कुत्रीही त्यांनी टोपलीत ठेवून आत नेली. टोपली अशासाठी, की तापलेल्या जमिनीने तिचे पाय भाजू नयेत. खोलीचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्याही वर होते. अर्ध्या तासाने ती सुखरूप बाहेर आली. टोपलीचा तळ मात्र लाळेने भिजून गेला होता.

हा प्रयोग आज कोणी करू नये आणि करूही देऊ नये. पण त्यातून दोन गोष्टी दिसतात. कोरड्या हवेत पाण्याच्या वाफेने केवढी उष्णता बाहेर टाकता येते, ही पहिली. आणि पाय भाजू नयेत म्हणून टोपली लागते, ही दुसरी. आपल्याकडे दुपारच्या डांबरी रस्त्यावर कुत्र्याला फिरवणाऱ्यांना ही दुसरी गोष्ट आठवत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही ते सोसणार नाही.

इंग्रजांची कुत्री

कुत्रा घेऊन उष्ण देशात राहायला जाणे ही काही नवी गोष्ट नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला ज्यांचे नाव आहे, ते जेम्स औट्रम १८२५ पासून दहा वर्षे खानदेशात होते. त्या काळात हिंदुस्थानात येणारे अनेक इंग्रज अंमलदार शिकारीसाठी आणि सोबतीसाठी विलायती कुत्री आणत. त्या कुत्र्यांचे पुढे काय होई, याच्या काही नोंदी चार्ल्स डार्विन यांनी १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात दिल्या आहेत.

फाल्कनर यांनी डार्विनना कळवले होते, की इकडे आणलेल्या बुलडॉगच्या वंशात दोन-तीन पिढ्यांत आक्रमकता कमी होते, खालचा पुढे आलेला जबडा मागे जातो, तोंड निमुळते होते आणि अंग हलके होते. रेव्हरंड एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानात जन्मलेल्या सेटर जातीच्या जोडीपासून दिल्लीत पिल्ले वाढवली. दुसऱ्या कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांनी कडक काळजी घेतली. तरी एकही पिल्लू आकाराने आई-बापांसारखे झाले नाही. पिल्लांची नाके अधिक टोकदार, अंगे लहान आणि पाय बारीक निघाले.

दोन पिढ्यांत हवा कवटीचा आकार बदलते, असे आज कोणी म्हणणार नाही. पण चपटे तोंड आणि जाड अंग माणसाच्या निवडीने घडलेले असते. ती निवड ढिली पडली आणि उष्मा न सोसणारी पिल्ले आधी दगावली, तर उरलेल्यांत लांब नाक आणि हलके अंग यांचे प्रमाण वाढेल, असे म्हणता येते. निवड कशी काम करते हे शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

ज्या कुत्र्यांची निवड याच हवेत झाली, त्यांच्याकडे पाहा. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला कारवान कुत्रा घ्या. लांब निमुळते तोंड, आखूड केस, सडपातळ अंग, उंच पाय. लांब तोंडात नाकातला पृष्ठभाग जास्त मावतो. सडपातळ अंगात वस्तुमानाच्या मानाने कातडी जास्त असते, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. आपली गावठी कुत्रीही याच घडणीची असतात.

आता याच्या शेजारी पग ठेवा. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग आला आणि ही जात देशभर लोकप्रिय झाली. पगचे नाक आत दाबलेले असते. वाळ्याची मोठी ताटी काढून तिथे हातरुमाल लावावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांब असल्याने श्वास ओढायलाच कष्ट पडतात. त्या कष्टांची उष्णता वेगळी. सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांची अडचण दुसरी असते. नाक चांगले, पण अंगावर बर्फासाठी घडलेली दुहेरी लोकर असते. सेंट बर्नार्डचे वजनही फार असते.

ब्रिटनमध्ये २०१६ सालातील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी तपासण्यात आल्या. लॅब्रॅडोरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघात होण्याचा धोका सुमारे चौदापट आढळला, चाऊचाऊला सोळापटींहून अधिक. उष्माघात झालेल्या दर सात कुत्र्यांमागे एक दगावला. अशा चार प्रकरणांपैकी जवळजवळ तीन व्यायामामुळे, म्हणजे धावण्या-फिरण्यामुळे, घडली होती. हे ब्रिटनसारख्या थंड देशातले चित्र आहे.

प्रवासाची तयारी

आता निघणाऱ्या कुटुंबाकडे परत येऊ. अशांना आम्ही काय सांगू?

पहिली गोष्ट, तयारी निदान सहा महिने आधी सुरू करा. कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. पुष्कळ देश लशीनंतर रक्ततपासणीही मागतात. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडे मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असली पाहिजेत. सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे आणि आपल्या देशात रेबीज आहे. त्यामुळे तिथले नियम कडक आहेत आणि इथून गेलेल्या कुत्र्याला विलगीकरणात ठेवतात. आपल्याकडून निघताना केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचा आरोग्य दाखला लागतो. त्यांचे एक केंद्र मुंबईला आहे. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून ज्या देशात जायचे तिथल्या पशुवैद्यकीय खात्याकडून ताजे नियम मागवावेत.

दुसरी गोष्ट, कुत्रा चपट्या नाकाचा असेल तर आधी पशुवैद्यांचा सल्ला घ्या. अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे मे २००५ ते मे २०१० या पाच वर्षांत विमानप्रवासात १२२ कुत्री दगावल्याची नोंद झाली. त्यांतली सुमारे निम्मी चपट्या नाकाच्या जातींची होती. म्हणूनच बऱ्याच विमान कंपन्या अशा कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेत नाहीत.

तिसरी गोष्ट, पिंजरा. कुत्र्याला त्यात ताठ उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे. चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे. निघण्यापूर्वी कित्येक आठवडे तो घरात उघडा ठेवा आणि त्यातच कुत्र्याला जेवू घाला, म्हणजे तो त्याला आपली जागा मानील. शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देऊ नका. गुंगीत शरीराचे तापमान राखण्याची क्षमताच कमी होते.

चौथी गोष्ट, कन्नड ते मुंबई हा टप्पा. विमानाची काळजी सगळे करतात, पण मोटारीची कोणी करत नाही. २००५ साली कॅलिफोर्नियात केलेल्या मोजणीत उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तेव्हा वाटेत चहाला थांबताना कुत्र्याला मोटारीत एकटे ठेवू नये. शक्य असेल तर हिवाळ्यात आणि रात्रीचा प्रवास करावा.

तिथे पोहोचल्यावर

नव्या हवेची सवय शरीराला हळूहळू होते. दहा ते वीस दिवसांत बरीचशी होते, पूर्ण व्हायला दोन महिनेही लागतात. पहिले तीन आठवडे फिरणे थोडे आणि संथ असावे. पहाटे आणि रात्री न्यावे, पण थर्मामीटर खाली आला म्हणून चेंडूमागे पळवू नये. पहाटेच्या हवेतही बाष्प तितकेच असते.

पंखा आपल्याला गार वाटतो तो घामामुळे. कोरड्या अंगाच्या कुत्र्याला त्याचा उपयोग थोडाच होतो. वातानुकूलन यंत्र मात्र हवा थंड करतेच, शिवाय तिच्यातले बाष्पही काढून टाकते. यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे त्याच बाष्पाचे. कुत्र्याच्या दृष्टीने असे यंत्र म्हणजे दमट शहरातला कोरड्या हवेचा एक तुकडाच. पण दिवसभर त्यातच ठेवले तर बाहेरच्या हवेची सवय होणार नाही. दोन्हीचा मेळ घालावा लागतो.

लोकरी कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत. ते उन्हापासून कातडीचे रक्षणही करतात. आतले मऊ, गळणारे केस नियमित विंचरून काढावेत. आणि कुत्र्याचे वजन वाढू देऊ नये, कारण चरबी उष्णता आत कोंडते.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली आहे, हिरड्या गडद लाल दिसतात, कुत्रा झोकांड्या खातो, उलट्या करतो किंवा कोसळतो, ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. निरोगी तरुण कुत्र्याला पाण्यात बसवता येते, मात्र डोके पाण्याबाहेर धरा. पाणी अगदी बर्फाचे असावे असे नाही, ते कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असले की पुरे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. त्याच्याखाली वाफ कोंडते.

वर्गात करून पाहा

१. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून वारा घाला आणि दहा मिनिटांनी वाचा. दोन्हींतला फरक जितका जास्त, तितका कुत्र्याचा कूलर चांगला चालणार. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओला थर्मामीटर सुमारे २३ अंश दाखवील. ३२ अंश आणि ७० टक्के असताना सुमारे २७. मे आणि जुलैमधल्या नोंदी ताडून पाहा.

२. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या मुलांनी त्याचे पोट पंधरा सेकंदांत किती वेळा हलते ते मोजून चारने गुणावे. सकाळी, दुपारी आणि रात्री असे आठवडाभर मोजून आलेख काढावा. अनोळखी कुत्र्याजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नका. रेबीजचा धोका आपल्याकडे खरा आहे.

३. एक मोठा उकडलेला बटाटा आणि तेवढ्याच वजनाचे पाच-सहा लहान बटाटे गरम असताना ताटात ठेवा. आधी कोणते गार होतात? यावरून सेंट बर्नार्ड आणि कारवान यांच्याविषयी काय सांगता येईल?

ही नोंदवही हाताशी असली, की "तिथे तर फक्त बत्तीसच आहे" असे कोणी म्हणाले तर मुले स्वतःच विचारतील, "आणि ओला थर्मामीटर किती दाखवतो?" घरातल्या कुत्र्याला हा प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने तो आपणच विचारायला हवा, आणि तोही तिकीट काढण्यापूर्वी.